पडद्याआडचा हात

मणेरमामांनी आमच्या गल्लीतल्या एकाही सुनेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, आणि एकाही सुनेचा हात त्यांना अनोळखी नव्हता. पडद्याखालून हात पुढे आला की ते तो आपल्या हातात घेत, अंगठ्याने तळव्याचा सांधा दाबत आणि हात कुणाचा ते सांगत. तेवढ्यावर थांबत नसत. माहेराहून कधी आलीस, पोर अजून अंगावर पितं की सोडलं, ताप कधी उतरला, हेही सांगत. आम्ही पडद्याआड तोंडाला पदर लावून हसायचो. एकदा त्यांना फसवायचं म्हणून मी आणि शेजारच्या सुभेदारीणबाईंनी एकेक हात पुढे केला, जणू दोन्ही एकीचेच. "ह्या दोन हातांतला एक जात्यावर बसतोय, आन दुसरा नुसती भाकरी मोडतोय," मामा म्हणाले. सुभेदारीणबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत.

त्यांचं दुकान शनिवार पेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. बांगड्यांना आमच्याकडे काकणं म्हणतात आणि काकणं भरणाऱ्या मुसलमानाला मणेर. त्यांचं खरं नाव मला ते गेल्यावर कळलं, आणि तेव्हा ते कळून काही उपयोग नव्हता. महाराज गादीवर येऊन दहाबारा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी मराठ्यांच्या घरांतून गोषा, म्हणजे बायकांचा पडदा, पाळत. ज्यांच्या दारात हत्ती झुलले त्यांनी पाळला तर समजू शकते. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, दरबारच्या पागेत घोड्यांना चंदी घालायचे, आणि घरातला गोषा मात्र सरदारांच्या वरताण. अशा घरांतल्या बायकांसाठी मामांनी दुकानाच्या एका अंगाला लाल खारव्याचा पडदा लावला होता. आम्ही मागच्या बोळातून आत यायचं, पडद्याआड बसायचं आणि पडद्याखालून हात पुढे करायचा. वाऱ्याने पडदा सरकला तर मामा आधी मान फिरवत आणि मग म्हणत, "बायांनो, पडदा सांभाळा."

मी लग्न होऊन आले तेव्हा चौदा वर्षांची होते. पहिल्यांदा पडद्याखालून हात घातला तो भीतीने ओला झालेला. मामांनी आपल्या उपरण्याने तो पुसला, जरा चाचपला आणि विचारलं, "डोंगराकडची हाईस न्हवं तू? गारगोटीच्या अंगाची?" मी चकित झाले. ते म्हणाले, "नाचणा दळणाऱ्या बाईला घट्टा हितं पडतोय, जोंधळा दळणारीला जरा खाली." खरं होतं की त्यांनी आधी कुणाकडून ऐकलं होतं, देव जाणे. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'गारगोटीची लेक' झाले. गल्लीतल्या प्रत्येक सुनेला ते अशी माहेरच्या गावाने हाक मारायचे. "सासरचं नाव सगळीच घेत्यात. माहेरचं कुणीतरी घ्यायला नगं व्हय?" असं त्यांचं म्हणणं. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या तोंडून गावाचं नाव ऐकलं की मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. त्या घरात चार वर्षांत माझं नाव घेऊन मला दुसऱ्या कुणी काही विचारलं असेल तर आठवत नाही.

काकण फुटलं असं म्हणू नये, वाढलं म्हणावं, हे आम्हां सगळ्यांनाच ठाऊक असतं. मामांचा त्याबाबतीत फार कटाक्ष. एखादी नवी पोर चुकून "मामा, दोन फुटली" म्हणाली की ते हात सोडून बसायचे. ती "वाढली" म्हणेपर्यंत पुढचं काकण चढायचं नाही. एका वर्षी सुभेदारीणबाईंची काकणं फार वाढायला लागली. सुभेदार पलटणीतून घरी परतले होते आणि त्यांचा हात चालायचा. बाई कुणाला काही बोलायच्या नाहीत, वर मान करून मिरवायच्या. मामांनी मनगट हातात घेतलं तेव्हा ते सुजलेलं होतं. ते त्यांना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुभेदारांच्या पायरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "मालक, तुमच्या घरात काकणं लई वाढाय लागल्यात. माझा धंदा हुतोय, पर मला ते बरं वाटत न्हाय." एवढं बोलून उठून आले. त्यानंतर निदान वर्षभर त्या बाईच्या हातांवर काकणं टिकली. हे मला त्याच बाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या होत्या. म्हणून ते इथे मुद्दाम लिहून ठेवते.

मामांची काकणं घट्ट. त्यांच्या हातचं काकण हातातून आपसूक निसटलं असं कधी झालं नाही. "सैल काकण आन ढिला जावई आपल्याला न्हाय चालत," असं ते म्हणायचे. हात असा काही दाबायचे की हाडं लोण्याची व्हायची. "हात सोड. माझ्याकडं दे. दुखलं तर शिव्या घाल, पर आवळू नगंस." आणि मग काहीतरी विचारायचे, तुमच्या म्हशीला काय झालं, गारगोटीला पाऊस किती. आपण उत्तर द्यायला लागलो की तेवढ्यात काकण चढलेलं असायचं. पहिल्या काकणाला 'बिस्मिल्ला' म्हणायचे आणि शेवटचं एक जास्तीचं असायचं ते 'अंबाबाईचं'. दोन्ही एकाच सुरात. भरून झालं की आम्ही पडद्याआड जमिनीला डोकं टेकायचो. त्यांना ते दिसायचं नाही, काकणांचा आवाज तेवढा ऐकू जायचा. तो ऐकून म्हणायचे, "भरल्या हातानं र्‍हा."

आता चिमाबद्दल लिहिलं पाहिजे. इथवर हात भरभर चालला, आता चालत नाही.

चिमा माझी नणंद. नवव्या वर्षी तिचं लग्न शिरोळला करून दिलं. लहान पोरीला गोषा नसतो, त्यामुळे मणेरमामांनी आमच्या सोप्यात बसून सगळ्यांसमोर तिला हिरवा चुडा भरला. तिचा नवरा दोन वर्षांत प्लेगात गेला. ती अजून नांदायला गेलीच नव्हती. त्याच्याविषयी तिला एकच गोष्ट आठवायची, की एकदा त्याने तिला गुऱ्हाळावर पळसाच्या पानात काकवी आणून दिली होती. त्याचं तोंड आठवत नव्हतं. काकवी आठवत होती. अकराव्या वर्षी तिचं कुंकू गेलं, चुडा गेला आणि ती आमच्या घरात पाणी भरणारी, भांडी घासणारी, सणाच्या दिवशी मागच्या परड्यात बसणारी एक बाई झाली. पुढे काही वर्षांनी दरबाराने विधवांच्या लग्नाचा कायदा केला. गावभर चर्चा झाली म्हणतात. आमच्या घरात त्या कायद्याचा कुणी उच्चार केला नाही, आणि तेव्हा चिमा जेमतेम पंचविशीची होती.

चिमा तेरा वर्षांची असतानाची, नागपंचमीच्या आदल्या दिवसाची दुपार. पंचमीला गल्लीतली झाडून सगळी बायामाणसं नवी काकणं भरतात. मीही निघाले. माझी मुलगी वर्षाची होती, दोन्ही हात मामांच्या हवाली केल्यावर तिला धरायला कुणीतरी हवं, म्हणून चिमा माझ्याबरोबर आली. पडद्याआड पाचसहा जणी होत्या. सगळ्यांचे हात भरून झाले तशा त्या मागच्या परड्यात चिंचेला झोका बांधला होता तिकडे पळाल्या. मी शेवटची. माझे हात भरून झाले, मी डोकं टेकलं, आणि मान वर केली तेव्हा चिमाने माझी मुलगी माझ्या मांडीवर ठेवली होती आणि आपला हात पडद्याखालून पुढे केला होता.

मामांनी तो हात धरला. पडद्याखालून मला त्यांची बोटं दिसत होती. ती चालता चालता थांबली. एरवी हात कुणाचा ते लगेच सांगायचे, त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. मग फार हळू विचारलं, "कुठलं भरू?"

चिमाने हात आणखी पुढे सारला. मी तिचा हात मागे ओढून घेऊ शकले असते. नुसतं दंडाला धरायचं होतं. मी म्हणाले, "हिरवं भरा, मामा."

का म्हणाले, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधते आहे. मला दया आली, हे खरं. पण त्यात थोडी गंमतही होती, पोरांना चोरून खाऊ देताना असते तशी. मी अठरा वर्षांची होते. मनात आलं, घटकाभर घालू दे, बघू दे, बाकीच्या यायच्या आत काढून टाकू. मामांचं काकण काढता येत नाही हे मी विसरले. माझ्या स्वतःच्या हातात त्याच वेळी डझनभर चढलेली होती, तरी विसरले.

मामा 'बिस्मिल्ला' म्हणाले. मग एकामागून एक काकण चढत गेलं, दोन्ही हातांवर. शेवटचं चढवताना 'अंबाबाईचं' म्हणाले. चिमाने डोकं टेकलं. मग ते म्हणाले, "र्‍हा बाई. र्‍हा."

मी तिचा हात धरून काकण ओढायला लागले. ते हलेना. खोबरेल लावलं, तरी हलेना. चिमाने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले आणि म्हणाली, "वैनी, नगं. उद्यापातुर र्‍हाऊ दे." तेवढ्यात आपला पदर विसरला म्हणून सुभेदारीणबाई आत आल्या. विसरला होता तो पदर नव्हे, खांद्यावरची शाल. असल्या बारीक गोष्टी मला आठवतात आणि त्याने काही होत नाही. त्यांनी चिमाच्या हातांकडे पाहिलं आणि असा काही आवाज काढला की झोक्यावरच्या सगळ्या धावत आल्या.

घरी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चिमाला न्हाणीच्या दगडापाशी बसवलं आणि वरवंट्याने ती काकणं फोडली. वाढवली नाहीत, फोडली, त्याला दुसरा शब्द नाही. काच मनगटात गेली. चिमा रडली नाही. मी हळद लावत होते आणि आत्याबाई विचारत होत्या, "तू कुठं हुतीस? तू काय करत हुतीस?" मी म्हणाले, "मी पोरीला पाजत हुते, माझं ध्यान न्हवतं." चिमा माझ्या समोर बसली होती. तिने ते ऐकलं आणि ती माझ्याविरुद्ध काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी, ऐन पंचमीच्या सकाळी, मामंजी, माझे यजमान, सुभेदार आणि गल्लीतले आणखी चार पुरुष दुकानापुढे जमले. आमच्या माडीच्या झडपेतून मला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. मामंजींनी विचारलं, "कुणी सांगितलं तुला काकणं भराय? पडद्याआड कोण बोललं?"

आता नाव घेणार, मग मला गाडीत घालून गारगोटीला पाठवणार, पोरगी इथेच ठेवून घेणार, हे सगळं मला एकदम दिसलं. मामांनी टोपी काढून पायरीवर ठेवली. त्यांचं डोकं असं उघडं मी पहिल्यांदाच पाहिलं, अगदी पांढरं होतं. म्हणाले, "कोण न्हाय बोललं, मालक. पडद्याआडनं हात आला, मी भरला. वळखला न्हाय. नजर कवाच गेली, आता हातबी गेला म्हणायचा. माझं चुकलं."

पुरुषांना बरंच झालं. म्हातारा माणूस, चूक कबूल केली, टोपी काढली, आणखी काय करणार. यजमान घरी आले आणि मला म्हणाले, "म्हातारा कामातनं गेला." मी त्यांना पाणी दिलं.

दुकान मात्र त्या दिवशीच बसलं. मारहाण झाली असती, दंड झाला असता, तर चार महिन्यांत लोक विसरले असते. पण ज्याला हात ओळखू येत नाही त्या मणेराकडे जायचं कशाला? आणि विधवेचा हात भरलेल्या बोटांनी आमच्या लेकीसुनांचे हात कसे भरून घ्यायचे? हे पहिल्यांदा बोलल्या त्या सुभेदारीणबाईच. मला त्यांचा राग फार वर्षं होता. आता वाटतं, त्या निदान जे मनात होतं ते उघड बोलल्या. गल्ली महाद्वाराजवळच्या कासाराकडे जायला लागली. त्याची काकणं सैल असायची, आठवड्यात दोन जायची, पण कुणी तक्रार केली नाही. मामांची बायको आधीच गेलेली, एकुलती लेक मुडशिंगीला दिलेली. ते एकटेच दुकानात बसायचे. सकाळी काकणांच्या माळा उतरवून फडक्याने पुसायचे आणि परत टांगायचे. आमची पडद्याची गाडी तिथून गेली की मी फटीतून बघायचे. ते गाडीकडे कधी बघत नव्हते, कारण गाडीत बायका असायच्या.

मी एकदा गेले. दिवाळीच्या आधी, आत्याबाई देवाला गेल्या असताना, दुपारी मागच्या बोळाने. पडद्याच्या आतल्या बाजूला धूळ साचली होती. मी बसले आणि काही न बोलता हात पुढे केला.

"गारगोटीची लेक," ते म्हणाले. हात नीट धरलासुद्धा नव्हता.

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "मामा, मी घरात सांगते. मीच म्हणाले हुते हिरवं भरा म्हणून."

"मग काय हुईल?"

मी पदराने नाक पुसलं.

"मी सांगतो काय हुईल. तुला माहेराला घालवतील. पोरगी ठिवून घेतील. चिमाला परत मार बसंल, ह्यात तुमी दोघी हुता म्हणून. आन माझ्या दुकानात तरीबी कोण न्हाय येणार. ह्यात भलं कुणाचं हाय ते सांग, मग जा आन बोल."

"तुमचं नाव गेलं, मामा."

"माझं नाव मणेर. ते कोण काढून घेतंय?" असं म्हणाले, आणि जरा थांबून म्हणाले, "घेतलंच म्हणा."

मी विचारलं, "तुम्ही तिचा हात वळखला हुता न्हवं?"

"त्या हातात चुडा भरलाय मी. नऊ वर्साची हुती. वळखला की. बोटं गार पडलीवती तिची. मला वाटलं, न्हाय म्हणावं. मग तू बोललीस. पर तू न्हाय बोलली असतीस तरी मी भरलंच असतं, त्यो बोजा तू घिऊ नगंस." मग बराच वेळ त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला. "गल्ली म्हणती म्हातारा चुकला. चुकला की. घट्ट भरली म्या. सैल भरली असती तर घटकाभर घालून पोरीनं काढून ठिवली असती, कुणाला कळलंबी नसतं. जलमभर सैल काकण भरलं न्हाय, त्या दिवशीबी भराय सुचलं न्हाय मला. बोटांनी आपलं काम केलं." मग विचारलं, "तिच्या हाताला काच लागली म्हणं?"

"न्हाय," मी म्हणाले. "कुठं लागली? काय न्हाय लागलं."

त्यांना ते पटलं नसावं. त्यांनी माझा हात हलकेच पडद्याखालून मागे सारला. "आज नगं भरूस. घरात इचारतील कुठनं भरलीस. जा आता, आन परत येऊ नगंस."

मी उठले. बोळातून घरी येताना मला हलकं वाटत होतं, हे मला लपवायचं नाही. ज्या माणसाला मी बुडवलं त्यानेच मला सांगू नको म्हटलं होतं, माझ्या पोरीची शपथ घातल्यासारखं. मी ते आनंदाने उचललं. त्यांनी दार उघडून दिलं आणि मी पळाले. 'मामाच नको म्हणाले' हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं मनाशी घोळवलं, इतकं की ते गुळगुळीत झालं. आत्याबाई गेल्या, मामंजी गेले, यजमान गेले, मला हाकलून देणारं कुणी उरलं नाही. तरी मी कुणाला सांगितलं नाही. लिहायला मी फार उशिरा, नातवंडांच्या पाटीवर शिकले. हातात खडू आला तेव्हा पहिल्यांदा हे लिहावंसं वाटलं होतं, आणि मी 'कमळ' लिहिलं.

दोन वर्षांनी प्लेग परत आला. उंदीर पडायला लागले तसं गाव रिकामं झालं, आम्ही सगळे माळावर झोपड्या घालून राहिलो. मामांची लेक गाडी घेऊन त्यांना न्यायला आली होती. ते गेले नाहीत. "बायका आल्या तर?" असं म्हणाले म्हणे. अख्ख्या पेठेत तेव्हा एक बाई नव्हती. लेकीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, आणि ती पोराबाळांच्या काळजीने परत गेली. माळावर गोषा कसला राहतो? झोपडीला पडदा म्हणून एक लुगडं, ते वाऱ्याने उडायचं. आम्ही सगळ्या सुना उघड्या तोंडाने लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होतो आणि कुणाला काही वाटत नव्हतं. एवढ्यासाठी केवढं काय काय झालं होतं, हे मला त्या पाण्याच्या वाटेवर कळलं.

तिथे बातमी आली. बंद घरांवर औषध मारत फिरणाऱ्या माणसांना मामा दुकानात सापडले. एकटेच होते, कधी गेले ते कुणी सांगू शकलं नाही. ज्यांनी उचललं त्यांनीच माती दिली. लेक आली तेव्हा सगळं झालेलं होतं. दुकानातलं सामानही त्यांनी जाळलं, साथीत तसा नियमच होता. काच जळत नाही, म्हणून काकणं आधी फोडली आणि खड्ड्यात टाकली.

हे सांगणारा माणूस गेल्यावर झोपडीत आम्ही तिघी होतो. आत्याबाई, मी आणि चिमा. चिमा सूप घेऊन जोंधळा निवडत होती. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्या खऱ्याच रडत होत्या, त्यांच्या लग्नातला चुडाही मामांच्या वडिलांनी भरलेला होता. म्हणाल्या, "माणूस लई चांगला. कुणाच्या वाईटात न्हाय. जलमात एकदा चुकला बिचारा."

आता बोलले असते तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. दुकान नव्हतं, मामा नव्हते, त्यांनी घातलेली अटही त्यांच्याबरोबर गेली होती. भर प्लेगात, माळावर, आत्याबाईंनी मला कुठे घालवलं असतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेलेल्या माणसाबद्दल कुणी दोन शब्द बोललं की दुसऱ्याने हुंकार द्यायचा असतो, तेवढ्यासाठी.

मी म्हणाले, "व्हय, आत्याबाई. चुकले."

चिमाचे हात सुपात थांबले. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा खडे वेचायला लागली. त्यानंतर आम्ही दोघींनी एका घरात तीस वर्षांहून जास्त काढली, एका चुलीवर रांधलं, एकमेकींची दुखणी काढली. पण चिमाने मला परत कधी वैनी म्हणून हाक मारली नाही.